‘मुन्शी घाट’ किती बाइटचा? कंटेंट-लेंग्थचा थोडक्यात इतिहास

वाराणसीतील मुन्शी घाटाला नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव आहे. समजा, हे घाटाचे नाव तुम्हाला एचटीटीपी क्लायंटमधून सर्व्हरकडे पाठवायचे आहे. कंटेंट-लेंग्थमध्ये कोणता आकडा लिहाल?

१९९१ च्या एचटीटीपी ०.९ मध्ये हा प्रश्नच नव्हता. त्यात हेडर नव्हते. सर्व्हरने कनेक्शन बंद केले की मजकूर संपला असे समजायचे. पुढे फॉर्म भरून पाठवण्याची सोय आली. पाठवणाऱ्यानेच कनेक्शन तोडले तर त्याला उत्तर कसे मिळणार? म्हणून १९९६ च्या एचटीटीपी १.० ने पोस्ट विनंतीत मजकुराची लांबी आधी सांगणे बंधनकारक केले. ही लांबी बाइटमध्ये असते, अक्षरांमध्ये नाही.

इंग्रजीत हा फरक जाणवत नाही, कारण आस्कीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. आपल्या १९९१ च्या इस्की प्रमाणातही ‘मुन्शी घाट’ १० बाइटचाच होता: व्यंजन, मात्रा, हलन्त आणि मधली जागा, प्रत्येकी एक. यूटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ९ चिन्हांचे २७ आणि मधल्या जागेचा १, म्हणजे एकूण २८.

पायथॉनमध्ये या स्ट्रिंगची लांबी विचारली, तर उत्तर १० येते. तोच आकडा हेडरमध्ये गेला तर सर्व्हर ‘मुन’ आणि हलन्ताचा पहिला बाइट एवढेच वाचून थांबतो. उरलेल्या १८ बाइटचे काय? १९९७ पासून एचटीटीपी १.१ मध्ये कनेक्शन उघडेच राहू लागले. त्यामुळे ते १८ बाइट सर्व्हरला पुढच्या विनंतीची सुरुवात वाटतात. दोन सर्व्हरनी एकाच विनंतीची लांबी वेगवेगळी मोजली, तर त्या फटीतून हल्लेखोर स्वतःची विनंती घुसवू शकतो. या ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’वरचा शोधनिबंध २००५ मध्ये आला.

उलट बाजूही पाहा. सर्व्हरने २८ सांगून २० च बाइट पाठवले आणि कनेक्शन तुटले, तर क्लायंटने चूक दाखवायलाच हवी. पायथॉनच्या यूआरएललिब-३ मध्ये ही तपासणी मुळातच चालू असणे २०२३ च्या २.० आवृत्तीपासून सुरू झाले. त्याआधी अर्धवट फाइलही बिनबोभाट ‘यशस्वी’ ठरू शकत होती.

म्हणून क्रम पाळा: आधी मजकूर बाइटमध्ये रूपांतरित करा, मग मोजा. आणि चाचणीसाठी इंग्रजी शब्द घेऊ नका; ही चूक मराठी शब्दच पकडून देतो.

स्वाध्याय: तुमच्या गावाच्या नावाची यूटीएफ-८ मधील लांबी आधी हाताने काढा, मग संगणकावर पडताळा.