खाशाबा जाधव यांची स्पर्धात्मक कुस्ती कारकीर्द (१९४८-१९५२) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय क्रीडा इतिहासाचे लेखन बहुतांशी हॉकी आणि क्रिकेट या दोन खेळांभोवती फिरत राहिले आहे. वैयक्तिक क्रीडाप्रकारांतील खेळाडूंची नोंद त्यात एखाद्या ओळीपुरती येते. खाशाबा दादासाहेब जाधव हे याचे ठळक उदाहरण होय. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी मिळविले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ही कारकीर्द कोणत्या आर्थिक व संस्थात्मक परिस्थितीत घडली, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या बाजूचा विचार केला आहे.

मातीतून मॅटवर

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे संस्कार घरातच झाले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. कोल्हापूर हे राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून मल्लविद्येचे माहेरघर. तेथील आखाड्यांत ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती तयार केली जाई आणि त्या मातीत प्रतिस्पर्ध्याला चीत करणे हाच निकालाचा एकमेव निकष होता. विदर्भातील यात्रा-जत्रांच्या दंगलीतही हीच पद्धत रूढ आहे.

ऑलिंपिकमधील कुस्ती याहून निराळी होती. तेथे गादी म्हणजेच मॅट, ठरावीक वेळ, पंचांचे गुणदान आणि वजनगट होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा फ्लायवेट गटात उतरले, तेव्हा मॅटचा अनुभव त्यांना जवळजवळ नव्हता. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासखर्चाचा भार उचलला होता. त्या स्पर्धेत त्यांना सहावे स्थान मिळाले. नवख्या मल्लाच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते. पराभवापेक्षा नियमांच्या अपरिचयाची जाणीव त्यांना अधिक बोचली असावी, कारण पुढील चार वर्षांत त्यांनी सरावाची दिशाच बदलली आणि वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटाची तयारी केली.

हेलसिंकीचा खर्च

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची कथा खऱ्या अर्थाने पैशांची कथा आहे. संस्थाने विलीन झाली होती, त्यामुळे जुना राजाश्रय संपलेला होता; नव्या लोकशाही शासनाची क्रीडासाहाय्याची यंत्रणा अद्याप उभी राहिलेली नव्हती. या दोहोंमधील पोकळीत खाशाबा सापडले. निवड होऊनही खर्चाची तरतूद नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर पणास लावावे, ही घटना महाविद्यालयीन शिक्षणाच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे. दुर्दैवाने ती तेथे क्वचितच आढळते.

हेलसिंकी येथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना पराभूत केले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून मात्र ते हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. पराभव होऊनही पदक कसे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्या काळी आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. प्रत्येक कुस्तीतील निकालानुसार मल्लाच्या नावे दोषगुण जमा होत आणि ठरावीक मर्यादा गाठणारा मल्ल स्पर्धेबाहेर जाई. दोन लढतींमध्ये पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना पुन्हा मॅटवर उतरविले गेले आणि हरकत घेण्यास भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात वारंवार सांगितले जाते. ही माहिती आठवणींवर आधारलेली असल्याने ती सावधपणे स्वीकारावी लागते. तरीही पथकाच्या व्यवस्थापनातील ढिलाई तीतून सूचित होते, हे नाकारता येत नाही.

याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. झाटोपेक आपल्या देशाच्या सैन्यात अधिकारी होता. खाशाबांच्या मागे एका प्राचार्याचे गहाण घर होते. व्यक्तिगत गुणवत्तेची तुलना येथे अभिप्रेत नाही; पाठबळातील तफावत मात्र लक्षात घ्यावी लागते.

पदकानंतर

मायदेशी परतल्यावर कराड परिसरात बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकविजेत्याने पदकाचे कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कुस्ती खेळावी, यात त्यांचा स्वाभिमान दिसतो, तशीच तत्कालीन क्रीडाव्यवस्थेची दुरवस्थाही दिसते.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची संधी हुकली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच थांबली. पुढे प्रदीर्घ सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, सन २००० साठीचा मिळाला. पद्म सन्मान मात्र मिळाला नाही.

भारताचे पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदक लिएंडर पेसने १९९६ मध्ये टेनिसमध्ये मिळविले, म्हणजे मध्ये ४४ वर्षे गेली. कुस्तीतील पुढचे पदक सुशील कुमारने २००८ मध्ये, ५६ वर्षांनी जिंकले. महाराष्ट्राला तर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी २०२४ पर्यंत थांबावे लागले. ते पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने मिळविले. तो कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा.