डाळिंबाच्या फुलावरचा एक मिलिमीटर

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात बांधले गेले आणि 1980 साली पूर्ण झाले. पुढे खालच्या जमिनीत ऊस पसरला, तर हलक्या माळावर डाळिंबाने जम बसवला. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या बागांत फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटरचे, आणि फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीचे पाखरू पाकळीच्या देठाशी वा कोवळ्या फळावर एकेक अंडे ठेवून जाते. अळी आत शिरून दाणे खाते, आणि भोकातून विष्ठा बाहेर आली की फळ हातचे गेलेले असते. म्हणजे पाहायचे ते सारे नुकसान दिसण्याआधीच्या टप्प्यात. कॅमेरा हाती धरून काढलेल्या मॅक्रो छायाचित्राला कीटकचित्रणाच्या इतिहासात जागा द्यायची ती याच टप्प्यासाठी, असे मला वाटते.

त्याआधीचा इतिहास चित्रकारांचा. मारिया सिबिला मेरियनने 1705 मध्ये सुरिनामच्या कीटकांचा ग्रंथ काढला, आणि अळी, कोष, पाखरू यांना त्यांच्या झाडासह एका पानावर आणले. त्यातले एक चित्र डाळिंबाच्या फांदीचेच आहे. त्यावर सिकाडा आहे, कंदीलमाशी आहे, आणि सिकाडाच्या धडावर कंदीलमाशीचे डोके बसवलेला, निसर्गात नसलेला एक किडाही आहे. सिकाडाचीच पुढे कंदीलमाशी होते, या ऐकीव समजुतीतून तो आला. बाई कसलेल्या निरीक्षक होत्या, तरी जोडकामात चूक शिरली. आपल्याकडे कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉयच्या 1909 च्या ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’मधली रंगीत चित्रे कितीतरी काटेकोर, पण छापील पानावर अनेक अवस्था शेजारी नांदतात, बागेत त्या अशा एकत्र कधी भेटत नाहीत. बागायतदाराला एका सकाळी एकच अवस्था भेटते, आणि मॅक्रो छायाचित्र तीच टिपते.

यावर पहिला आक्षेप असा की हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चित्र हलते. खरे आहे. जीवनाकार चित्रणात छिद्र बरेच लहान ठेवले तरी स्पष्ट दिसणारा थर सुमारे दोन मिलिमीटरचाच असतो; वाऱ्याची एक झुळूक आली की फूल त्याच्या बाहेर जाते. फ्लॅशचा क्षणिक झोत हा हलता हात आणि डुलणारी फांदी दोन्ही थोपवतो, तिवईला मात्र फांदी थोपवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: फुलकिड्यांची जात फोटोवरून ठरत नाही, त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखालीच न्यावा लागतो. तो मान्य करूनही प्रश्न उरतो, की फवारणीचा निर्णय जातीच्या नावाची वाट पाहतो का? पांढऱ्या कागदावर फूल झटकून किडे मोजण्याची जुनी पद्धत संख्या सांगते. पण झटकताच किडा कळीच्या आत होता की पाकळीवर, हे पुसले जाते. भिंग ते दाखवते, पण पाहणाऱ्यापुरतेच. तारीख आणि झाड नोंदवलेले छायाचित्र सोलापुरात 2005 पासून असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञापुढेही ठेवता येते, आणि पुढच्या हस्त बहारात त्याच झाडाच्या नव्या चित्राशेजारीही.