रेषांच्या गळ्यात कुणाचे गाणे?

संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी माणसाला गाणे ऐकताना एक प्रश्न हटकून पडतो : हे पद पात्राचे, की गवयाचे? तीनतीन ‘वन्समोअर’ घेणारा नट दुष्यंत राहतो, की नुसता गायक उरतो, यावर आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ वाद घातले. कार्टूनपटात मध्येच एखादे पॉप गाणे सुरू झाले, की मला तोच जुना वाद आठवतो.

काही रसिक म्हणतात, परीकथेत असले उडते गाणे म्हणजे सोवळ्यात कांदा. पण इतिहास चाळला तर हा कांदा त्या स्वयंपाकघरात पहिल्यापासूनच आहे. १९२८ साली वॉल्ट डिस्ने यांचा मिकी उंदीर ‘स्टीमबोट विली’त आवाजासह अवतरला, तेव्हा त्याने वाजवली ती अमेरिकेत घरोघर ठाऊक असलेली लोकगीताची धून. पुढे १९३२ साली फ्लायशर बंधूंनी कॅब कॅलोवे यांचे आदल्याच वर्षी गाजलेले ‘मिनी द मूचर’ हे गाणे बेटी बूपच्या चित्रपटात घेतले. त्यांनी कॅलोवे यांचे नृत्य आधी चित्रित केले, त्यावरून रेषा गिरवल्या आणि एका भुतासारख्या वॉलरसला त्यांच्याच पावलांनी नाचवले. तेथे गाणे चिकटवलेले वाटत नाही. कारण चित्रच गाण्यातून जन्मले आहे.

डिस्ने १९६६च्या डिसेंबरात निवर्तले आणि पुढल्या वर्षी ‘द जंगल बुक’ पडद्यावर आला. त्यातील चार गिधाडांचे केस आणि बोलण्याची ढब बीटल्स या लिव्हरपूलच्या चौकडीची. गाणे मात्र रॉकचे नव्हे, तर जुन्या अमेरिकन न्हाव्याच्या दुकानात रंगणाऱ्या चौघांच्या समूहगायनाच्या वळणाचे! फॅशन केसांपुरती ठेवली, गळ्यात उतरू दिली नाही. अर्धशतक उलटले तरी ते गाणे शिळे झालेले नाही.

लगेच १९६८ साली जॉर्ज डनिंग यांनी ‘यलो सबमरीन’मध्ये नेमके उलट केले. सारा चित्रपटच बीटल्सच्या गाण्यांवर उभारला. गंमत अशी, की गाणी त्यांची, पण पात्रांच्या संवादांचे आवाज दुसऱ्याच नटांचे. ‘एलेनॉर रिग्बी’ सुरू होते तेव्हा लिव्हरपूलची एकाकी माणसे करड्या रंगात त्याच त्या हालचाली करीत राहतात आणि मन गलबलते. येथे पॉप गाणे केवळ शोभत नाही, ते कथाच होऊन बसते.

मग बिनसते कोठे? गाणे आधीच गाजलेले आहे, एवढ्याच कारणासाठी ते आणून डकवले, की बिनसते. २००१च्या ‘श्रेक’मध्ये १९९९चे ‘ऑल स्टार’ खपून गेले, कारण परीकथांची टिंगल हाच त्या चित्रपटाचा धर्म होता. प्रत्येक कथेचा धर्म तो नसतो.

आणि गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. जिवंत नटाला देह असतो, डोळ्यांत पाणी असते. रेषांच्या बाहुलीला स्वतःचा श्वास नसतो. तो तिला गाणे देते. २०१३च्या ‘फ्रोझन’साठी रॉबर्ट लोपेझ व क्रिस्टेन अँडरसन-लोपेझ या दांपत्याने ‘लेट इट गो’ रचले आणि त्या गाण्यामुळे खलनायिका म्हणून योजलेली एल्सा सहानुभूतीची नायिका झाली. पटकथा बदलावी लागली. चित्रपटाच्या शेवटी तेच गाणे डेमी लोवाटो या पॉप गायिकेच्या आवाजातही आहे. पण लोकांच्या ओठी बसले ते इडिना मेन्झेल यांनी एल्सा होऊन गायिलेले. लहान मुलाला गायिकेचे नाव ठाऊक नसते. त्याच्या लेखी ते एल्सानेच गायिले. हा त्याचा विश्वास मोडू नये, एवढेच माझे मागणे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत नातवंडांबरोबर असा चित्रपट पाहाल, तेव्हा गाणे पॉप की शास्त्रीय, हे विचारू नका. ते पात्राच्या पोटातून आले, की व्यापाऱ्याच्या दुकानातून, एवढे पाहा. पहिले असेल तर खुशाल मुलांबरोबर ठेका धरा!