युरा-थ्रीची कुळकथा
बंगळुरूच्या उत्तरेला जक्कूरमध्ये जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्च ही संस्था आहे. तिथे 2005 मध्ये कौस्तुव सन्याल यांनी रोगकारक बुरशींच्या गुणसूत्रांचा अभ्यास सुरू केला. या प्रयोगशाळेचे शोधनिबंध वाचताना एक नाव पुनःपुन्हा भेटते, ते युरा-थ्री या जनुकाचे. हे जनुक विष तयार करत नाही की औषधाला तोंडही देत नाही. आरएनएसाठी लागणारा युरॅसिल पेशीने स्वतः बनवायचा, तर त्या साखळीतले एक विकर या जनुकावरून तयार होते, एवढेच त्याचे नेमून दिलेले काम. असे असूनही रोगकारक बुरशींचे जनुकशास्त्र गेली कित्येक वर्षे याच जनुकाच्या खांद्यावर उभे राहिले. हे हत्यार जिथे दगा देत होते, तिथेच ते सर्वांत जास्त शिकवून गेले आणि त्या दग्याचे मोजमाप करून त्यालाच कामाला जुंपण्याचा महत्त्वाचा भाग बंगळुरूत घडला, असे माझे म्हणणे आहे.

कुळ शोधायचे तर पावाच्या यीस्टपर्यंत मागे जावे लागते. 1978 मध्ये हिनेन, हिक्स आणि जेराल्ड फिंक यांनी यीस्टच्या पेशीत बाहेरून डीएनए घालून दाखवला. पण लाखो पेशींपैकी मोजक्याच पेशी तो स्वीकारतात. त्या ओळखायच्या कशा? उपाय असा, की आधी युरा-थ्री बिघडवलेला वाण घ्यायचा. त्याला युरॅसिल बाहेरून दिला तरच तो जगतो. आता हव्या त्या डीएनएला युरा-थ्रीची धड प्रत जोडून आत सोडायची आणि पेशी युरॅसिल नसलेल्या बशीत पसरायच्या. ज्या वाढतील त्यांनी डीएनए घेतला. 1984 मध्ये बोके, लाक्रूट आणि पुन्हा तेच फिंक यांनी याची उलटी बाजू शोधून काढली. फ्लोरो-ओरोटिक आम्ल नावाचे एक रसायन बशीत घातले, की युरा-थ्री चालू असलेली पेशी त्याचे विषात रूपांतर करते आणि मरते. जनुक बंद असलेली तेवढी वाचते. म्हणजे एकाच जनुकाने पेशी निवडता येतात आणि काम झाल्यावर तेच जनुक काढून टाकलेल्या पेशीही निवडता येतात. अशी दुहेरी सोय असलेल्या खुणा फार थोड्या.

ही सोय खरी उपयोगी पडली ती कँडिडा अल्बिकन्समध्ये. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरते ती हीच बुरशी. निरोगी माणसाच्या आतड्यात ती मुकाट राहते, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात उतरली तर जीव घेते. तिच्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक जनुक काढायचे तर दोनदा काढावे लागते. पावाच्या यीस्टसारखा संकर करून काम उरकावे, तर तिचे मीलन होऊ शकते हेच मुळी 2000 पर्यंत कोणाला माहीत नव्हते. 1993 मध्ये फोन्झी आणि अर्विन यांनी तोडगा काढला. युरा-थ्रीच्या दोन्ही बाजूंना जिवाणूच्या एका जनुकाचा एकसारखा तुकडा जोडायचा आणि हा जोडसंच नको असलेल्या जनुकाच्या पहिल्या प्रतीच्या जागी बसवायचा. मग पेशी फ्लोरो-ओरोटिक आम्लाच्या बशीत घालायच्या. दोन एकसारखे तुकडे एकमेकांशी जुळून मधला युरा-थ्री बाहेर टाकतात आणि असे घडलेल्या पेशीच तिथे तगतात. आता खूण पुन्हा मोकळी झाली, तीच वापरून दुसरी प्रत काढायची. ही मांडणी पावाच्या यीस्टसाठी 1987 मध्येच आली होती; पण तिथे ती सोय होती, कँडिडात गरज. पुढच्या दहा-एक वर्षांत कोणते जनुक या बुरशीला घातक बनवते, याची उत्तरे बहुतांशी याच रीतीने शोधली गेली.

त्यातली काही उत्तरे चुकीची निघाली. युरा-थ्री नसलेली कँडिडा उंदराला फारशी बाधत नाही. शिवाय हे जनुक गुणसूत्रावर कुठे बसवले आहे, यावर त्याचे काम कमी-जास्त होते. मग अमुक जनुक काढल्यावर बुरशी निरुपद्रवी झाली, तर ते त्या जनुकाचे कर्तृत्व की त्याच्या जागी बसवलेल्या खुणेच्या मंद आवाजाचे? 1998 पासून ही शंका पुराव्यानिशी मांडली जाऊ लागली. 2004 मध्ये ॲबर्डीनच्या संशोधकांनी युरा-थ्री प्रत्येक वाणात एकाच ठरावीक ठिकाणी बसवण्याचा पायंडा घातला, तेव्हा तुलना रास्त झाली. फ्लोरो-ओरोटिक आम्लामुळे कँडिडाच्या गुणसूत्रांत उलथापालथ होते, हेही पुढे दिसले. मापाचे भांडेच हलते आहे असे कळणे ही कोणत्याही शास्त्रात गंभीर बाब असते.

जागेनुसार जनुकाचा आवाज बदलतो, हा दोष. पण तुमचा प्रश्नच जागेविषयी असेल तर? सन्याल यांचा प्रश्न तोच होता. पेशी दुभंगताना गुणसूत्राला जिथून धरून ओढले जाते, तो सेंट्रोमिअर. पावाच्या यीस्टमध्ये तो जेमतेम 125 अक्षरांचा. त्याचा क्रम जुळवून कुठेही चिकटवा, चालतो. कॅलिफोर्नियात जॉन कार्बन यांच्यासोबत काम करताना सन्याल यांनी 2004 मध्ये दाखवले, की कँडिडाच्या आठही गुणसूत्रांचे सेंट्रोमिअर काही हजार अक्षरांचे आहेत आणि त्यांचे क्रम एकमेकांशी जुळतच नाहीत. नुसता तो डीएनए परत पेशीत घातला तर सेंट्रोमिअर बनतही नाही. म्हणजे ती जागा अक्षरांच्या क्रमावर ठरत नसून डीएनएवर बसलेल्या एका खास प्रथिनावर ठरते. हे प्रथिन कुठवर पसरते, हे पाहायला जक्कूरमध्ये युरा-थ्री उपयोगी आला. त्याला सेंट्रोमिअरमध्ये आणि आसपास वेगवेगळ्या ठिकाणी बसवले. फ्लोरो-ओरोटिक आम्लात ज्या पेशी तगल्या, त्यांच्यात जनुक शाबूत होते पण गप्प झालेले, आणि ते खास प्रथिन त्याच्यावर येऊन बसलेले. परिस्थिती पालटली की ते पुन्हा बोलू लागे. मूळ सेंट्रोमिअर काढून टाकला, तर शेजारी नवा तयार होतो, हेही जितेंद्र ठाकूर आणि सन्याल यांच्या 2013 च्या निबंधात आले. ज्या गुणामुळे युरा-थ्री उंदरांच्या प्रयोगात बेभरवशाचा ठरला होता, त्याच गुणावर हे निष्कर्ष उभे आहेत.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. एक असा, की क्रिस्पर ही जनुके कापणारी कात्री आल्यावर या जुन्या खुणांचे कौतुक कशाला? 2015 मध्ये क्रिस्पर कँडिडात आले, त्यातही फिंक होते, आणि दोन्ही प्रती एका फटक्यात बदलता येऊ लागल्या, हे खरे. पण त्यासाठीही कास-नाइनचे, म्हणजे या कात्रीच्या पात्याचे, जनुक नव्याने लिहावे लागले; कारण सीयूजी या संकेताचा अर्थ इतर बहुतेक सजीव ल्युसीन असा लावतात, कँडिडा मात्र सेरीन असा. उसने हत्यार या बुरशीत तसेच्या तसे चालत नाही, हाच धडा पुन्हा. शिवाय कात्रीने जनुक कापता येते. एखादी जागा गप्प आहे की बोलती, हे कात्री सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: रुग्णाला औषध हवे आहे, सेंट्रोमिअरचे त्याला काय? त्याचे उत्तर 2006 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दिले. फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणाऱ्या अनेक कँडिडा वाणांत पाचव्या गुणसूत्राची एकच बाजू दुमडून दुप्पट झालेली आढळली, तीही सेंट्रोमिअरला धरून. आणि त्या बाजूवर औषधाचे लक्ष्य असलेले जनुक होते. गुणसूत्रांची वाटणी कशी होते, कुठे बिघडते, हे कळल्याशिवाय औषध का हरते, हे पुरते कळणार नाही. आक्षेप घेणाऱ्याची कळकळ मला मान्य आहे, तिच्यापोटीच हे काम व्हायला हवे असे वाटते.

भारतात तर हा प्रश्न एका बुरशीपुरता नाही. अनेक औषधांना दाद न देणारी कँडिडा ऑरिस आपल्या रुग्णालयांत ठाण मांडून आहे. तिचे सेंट्रोमिअर जक्कूरच्या चमूने 2021 मध्ये शोधले आणि तिच्या वेगवेगळ्या शाखांत गुणसूत्रे कशी फिरवली गेली आहेत, तेही मांडले. तिच्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत, म्हणजे काढणे सोपे. पण रुग्णाकडून आलेल्या वाणात युरा-थ्री शाबूत असतो, म्हणून तिथे नोर्सिओथ्रिसिन या प्रतिजैविकाला तोंड देणारी दुसरीच खूण वापरावी लागते. त्याच 2021 मध्ये काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, देशात 45 हजारांहून अधिक माणसांना गाठले. महाराष्ट्र आणि गुजरातला सर्वाधिक झळ बसली. या कुळातल्या बुरशींच्या एका बीजाणूत अनेक केंद्रके असतात, त्यामुळे एकात बदल झाला तरी बाकीची तशीच राहतात, आणि बाहेरून घातलेला डीएनए बहुधा गुणसूत्रात न शिरता सुटा राहून हरवतो. इथेही संशोधकांनी युरा-थ्रीच्या भावंड जनुकांपासूनच सुरुवात केली. 2019 मध्ये याच कुळातल्या म्युकर सर्सिनेलॉइडिस या बुरशीला फ्लोरो-ओरोटिक आम्ल देऊन पाहिले, तेव्हा तगलेल्या काही वाणांत जनुकाचे एकही अक्षर बदललेले नव्हते. बुरशीने आपल्याच लहान आरएनएंच्या साहाय्याने ते जनुक तात्पुरते बंद केले होते, आणि आम्ल काढून घेतल्यावर ते पुन्हा सुरू झाले.