गावकुसाची भिंत

माउली, काळ राजा पाहत नाही आणि रंकही पाहत नाही, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. पण मरण सर्वांना येते म्हणून ते सर्वांना सारख्याच वयात येते, असे मात्र नाही.

आधी एक नवल ऐका. अभ्यासकांनी इंग्लंडच्या सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. १७५० पूर्वी ही मंडळी सामान्य रयतेपेक्षा सरासरीने जास्त जगत नव्हती. घरात अन्न भरपूर होते, पण प्लेग आणि देवीची साथ वाड्याच्या दाराशी थांबत नव्हती. पुढे देवी टोचून घेण्याचा उपाय आला. तो आधी राजघराण्याने आणि श्रीमंतांनी केला. उपाय मिळू लागले तसे दोघांच्या आयुष्यातले अंतर वाढत गेले.

१८४२ साली एडविन चॅडविक यांनी याचा हिशेब मांडला. मँचेस्टर शहरात मृत्यूचे सरासरी वय सधन कुटुंबांत ३८, दुकानदारांत २० आणि मजुरांत अवघे १७ होते. तान्ही मुले इतकी दगावत की सरासरी एवढी खाली येई. त्याच वेळी रटलंड या शेतीच्या भागात सधनांचे वय ५२ आणि मजुरांचे ३८ होते. म्हणजे खेड्यातला मजूर शहरातल्या सधनाच्या बरोबरीला होता! गरिबी दोन्हीकडे होती. शहरात तिच्या जोडीला दाटी, घाण आणि दूषित पाणी होते.

आता आपल्या घरचे पाहू. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांसह चोखोबा तिच्याखाली गेले. कुसू गावाच्या रक्षणासाठी होते. ते बांधणाऱ्यांची वस्ती मात्र कुसाबाहेर होती. ज्यांना त्या भिंतीचा आसरा नव्हता, त्यांचाच जीव तिने घेतला.

नामदेवरायांनी त्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारी समाधी बांधली. माउली, तेथे माथा टेकवाल तेव्हा ती भिंत आठवा. घरी परतल्यावर आपल्या गावात गढूळ पाणी कोणत्या वस्तीला येते, गटारात कोण उतरतो, एवढे विचारा. काळ सर्वांना समान आहे. गावकुसू माणसांनीच बांधलेले आहे.

रामकृष्णहरी.