चार बोटं ओल

पाटी उचलण्याआधी चुंबळ नीट बसवून घ्या. घाई केलीत तर तिसऱ्या खेपेला मान धरेल, आणि धरलेली मान दिवसभर सुटत नाही. तुमच्या पुढं चाललेली आक्का गेल्या पावसाळ्यापासून हे काम करते आहे. डोक्यावर मुरमाची पाटी, पायांत टायरच्या वहाणा. बांध चढताना तिचं सगळं अंग हलतं, पाटी मात्र हलत नाही. वर जाऊन ती पाटी पालथी करते, एकदा कपाळ पुसते आणि दुसऱ्या वाटेनं खाली येते. तिच्या मागं तुम्ही. तुमच्या मागं शंभरेक माणसं.

हा बांध तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्या काळात तुम्ही त्याच्यावरून मोटारसायकल घेऊन गेला आहात. आज तो जेमतेम कमरेएवढा आहे आणि त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. साल १९७३, मे महिन्याचा मधला आठवडा. सूर्य कृत्तिका नक्षत्रात आहे. जागा माणदेशातली, महादेवाच्या डोंगररांगांच्या पायथ्याची. इथून सरळ मावळतीला शंभरेक किलोमीटरवर महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून इथं पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. चांगल्या वर्षी इथल्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो, आणि चांगलं वर्ष येऊन आता बराच काळ लोटला आहे. लागोपाठच्या सालांत पीक बसलं. गेल्या वर्षी तर पेरलेलं बीही परत आलं नाही.

म्हणून ही पाटी. या महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशीच दुष्काळी कामांवर आहेत. कुठं खडी फोडतायत, कुठं नाले बांधतायत, कुठं असे पाझर तलाव खणतायत. कालपर्यंत जो स्वतःच्या रानात सालगडी ठेवत होता तोही इथं त्या गड्याच्या शेजारी टिकाव मारतो आहे. विसापूरच्या वि. स. पाग्यांनी मांडलेली कल्पना, की जो काम मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे, तिचा कायदा व्हायला अजून चार वर्षं आहेत. पण या माळावर ती कल्पना घाम गाळते आहे. माझ्या मते महाराष्ट्रानं देशाला दिलेल्या गोष्टींत तिचं स्थान फार वरचं आहे. तिच्या मुळाशी कागद नव्हता, हे तळपणारे माळ होते.

खाली खड्ड्यात बघा. चौकोनी खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट उभा आहे, पुरुषभर उंचीचा, वर अजून वाळलेलं गवत. सगळीकडं खणलं, तेवढाच राखला. तो खेळ नव्हे. मूळची जमीन कुठवर होती याचा तो साक्षीदार आहे. ओव्हरसियर येतो तेव्हा खुंटाच्या माथ्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंत फीत सोडतो, त्यावरून माती किती निघाली ते ठरतं, आणि त्यावरून टोळीची आठवड्याची मजुरी. खुंट ढासळला तर आठवड्याची मेहनत सांगणारं दुसरं काही उरत नाही. माप उद्या आहे. सकाळपासून या टोळीतलं कुणी खुंटाला पाठसुद्धा टेकवलेली नाही.

दुपारची सुट्टी झाली. बाभळीला बांधलेल्या झोळ्यांतली पोरं आयांनी खाली घेतली. सुकडी वाटली जाते आहे. भाजलेल्या पिठाची, गूळ-तेलाची, तोंडात कोरडी फिरणारी. पोरं ती आवडीनं खातात. मोठी माणसं पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात आणि बोलत नाहीत. तुमच्या शेजारी टोळीचे आबा बसले आहेत. खांद्यावर काळं घोंगडं, भर उन्हातही. त्यांची खिलार जोडी गुरांच्या छावणीत आहे. रोज काम सुटल्यावर तीन मैल चालत जाऊन ते बैलांच्या पाठीवरून हात फिरवून येतात. इथल्या बऱ्याच दावणी याच सालात मोकळ्या झाल्या, पण आबांनी जोडी विकली नाही. का, असं विचारलंत तर ते तुमच्याकडं नुसते बघतील.

वारा पडला आहे. बाभळीचं बारीक पानही हलत नाही. गदमदतंय. अंगातून निघालेला घाम वाळत नाही, तिथंच चिकटून राहतो. उन्हाला पिवळट झाक आली आहे. मुंग्यांची रांग तोंडात पांढरी अंडी धरून दगडाखालून वर चढते आहे. आबा ती रांग बराच वेळ बघतात, मग उठून उगवतीकडं तोंड करतात.

तुमची नजर सवयीनं मावळतीकडं गेली, कारण पाऊस तिकडून येतो. तो पावसाळ्यातला. वळीव वेगळा. तो डोंगर ओलांडून येत नाही, इथल्याच तापल्या माळावर उभा राहतो. जमिनीलगतची हवा भट्टीसारखी तापते, वर चढते, तिच्यातलं बाष्प उंचावर गार पडतं, आणि तासा-दोन तासांत ढगाचा कोबी फुगत फुगत दहा-बारा किलोमीटर उंच होतो. उगवतीला तसाच एक उभा आहे. माथा पांढराशुभ्र, सपाट पसरलेला, बूड शाईसारखं.

“पावनं,” आबा म्हणतात, “टिकाव खाली ठिवा. लोखंड हातात नगं.”

पहिल्यांदा येतो तो वारा. पाऊस नंतर. माळाच्या टोकाला तांबडी भिंत उठते आणि तुम्ही तिच्याकडं बघत असतानाच ती तुमच्यावर येते. डोळे, नाक, तोंड, सगळं मातीनं भरून जातं. रिकाम्या पाट्या चाकासारख्या घरंगळतात. हजेरीच्या तंबूचं कापड एका बाजूनं सुटून फाडफाड वाजू लागतं आणि आतला मुकादम मस्टर पोटाशी धरून त्यावर पालथा पडतो. बाया बाभळींकडं धावतात. झोळ्या वाऱ्यात आडव्या झाल्या आहेत. आक्का सुनेचं पोर पदरात गुंडाळते आणि ओरडते, “झाडाखाली ऱ्हाऊ नगासा गं! बांधाच्या आडोशाला बसा!” वीज पडून मेलेली शेळी तिनं पाहिलेली आहे, झाडाखालचीच.

सगळे वर पळत असताना आबा एकटे खाली खड्ड्यात उतरतात.

तुम्हाला ते आधी कळत नाही. मग ते ओरडतात, “पावनं, हिकडं! योक कोपरा धरा!” घोंगडं त्यांनी खांद्यावरून काढलं आहे. ते स्वतःच्या डोक्यावर नाही, खुंटाच्या डोक्यावर घालतायत. तुम्ही उडी मारता. घोंगडं वाऱ्यानं फुगतं, हातांतून सुटू बघतं. आणखी दोघं उतरतात. चौघं चार कोपरे धरून खुंटाला मिठी मारल्यासारखे उकिडवे बसता. आक्काची सून वरून गोणपाट फेकते.

टपोरे थेंब. एक तुमच्या मनगटावर, एक मानेवर. प्रत्येक थेंब धुळीत पडून तिची गोळी करून बसतो. आणि तो वास. १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याला शास्त्रातलं नाव दिलं. मातीतल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेलं द्रव्य आणि वनस्पतींची मुरलेली तेलं थेंबाच्या धक्क्यानं हवेत उडतात, असं त्याचं गणित. खड्ड्याच्या तळाशी बसलेली माणसं या क्षणी काही बोलत नाहीत. आबांनी डोळे मिटले आहेत. त्यांच्या नाकपुड्या तेवढ्या हलतायत.

मग गारा. पहिल्यांदा हरभऱ्याएवढ्या, पाठोपाठ लिंबाएवढ्या. पाठीवर बसतात तेव्हा श्वास अडतो. वीज चमकली की मोजायची सवय तुम्हाला आहे. मध्ये तीन अंक गेले तर वीज किलोमीटरभर लांब. या खेपेला एकही अंक मोजून होत नाही. सगळं पांढरं होतं आणि त्याच क्षणी आवाज छातीतून जातो. शेजारचा पोरगा देवाचं नाव घेतो. खड्ड्याच्या कडेवरून तांबडं पाणी खाली येऊ लागतं, एक धार, मग दहा, मग सगळी कडच वाहते. पाणी घोट्याला लागतं. गार आहे, हाडात जाणारं. सकाळी हाच मुरूम पायांना भाजत होता. घोंगडं भिजून जड होतं, पण केसाळ लोकर पाणी आत जाऊ देत नाही. त्याच्याखाली खुंट कोरडा आहे. तुम्ही हात घालून बघता. कोरडा आहे.

अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपतं. वळीव असाच, कुणाचा निरोप घ्यायला थांबत नाही. ऊन पुन्हा येतं, धुतलेलं, आणि गारांचे ढीग चकाकू लागतात. आत्ताच रडत असलेली पोरं आता ओंजळी भरभरून गारा तोंडात कोंबतायत.

गावाकडं चालताना नुकसान दिसत जातं. एका घराचे पत्रे दुसऱ्याच्या रानात. कडब्याची गंज भिजली, ती आता काळी पडेल, आणि या साली कडबा भाकरीपेक्षा महाग वाटतो. ओढ्याच्या काठी धनगराचा वाडा उतरला आहे. त्याची तीन कोकरं गारठून गेली. तो त्यांना एका बाजूला मांडून उरलेल्यांना घोंगड्याखाली घेऊन बसला आहे, तोंडानं च्यक च्यक असा आवाज करत. कुणाच्या वाळवणाच्या कुरडया बाजेसकट उकिरड्यात. ती बाई त्यांतल्या धड निघतील तेवढ्या निवडते आहे. कुणी मोठ्यानं रडत नाही. उलट रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “वल किती गेली?”

आबा छावणीवर जाऊन आले. जोडी भिजली, पण उभी आहे. आता ते तुम्हाला आपल्या रानात घेऊन जातात. बांधावर वहाणा काढतात. खुरप्यानं माती उकरतात, मग खुरपं बाजूला ठेवून हातच घालतात. वरची माती काळीभोर, हाताला चिकटणारी. चार बोटं खाली गेल्यावर बोटं अडतात. पुढं पांढरी, भुसभुशीत, वर्षभराची तहानलेली माती. ते चारही बोटं शेजारी शेजारी लावून बघतात, पुन्हा दुसऱ्या जागी उकरतात. तिथंही चार.

“वीतभर पायजे हुती,” ते म्हणतात. थोड्या वेळानं म्हणतात, “पर कुळव चालंल.” हातावरची ओली माती ते झटकत नाहीत.

रात्री त्यांच्या धाब्याच्या घरात तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. माळवद दोन जागी गळतं. एका ठिकाणी घंगाळ, एका ठिकाणी परात. दुष्काळात छपरावर नवी पांढरी माती टाकायला सवड कुणाला होती? गोवऱ्या ओल्या झाल्यानं चूल धुमसते आहे. आक्का डोळे चोळत मिलोची भाकरी थापते. रेशनवर मिळालेली अमेरिकेतली तांबडी ज्वारी. तिला चिकटपणा नाही, कडा फाटतात, तव्यावर टाकेपर्यंत चंद्राची कोर होते. “हिला आपल्या जुंधळ्यागत माया न्हाई,” आक्का म्हणते, तरी पहिली भाकरी तुमच्याच ताटलीत येते, वर मिरचीचा ठेचा. चिमणीच्या उजेडावर पंख फुटलेली वाळवी येऊन पडते. लांब ओढ्यात एक बेडूक ओरडतो. तो एवढे दिवस कुठं होता कोण जाणे. सगळं घर क्षणभर त्याचं ऐकत बसतं.

तुम्हाला ठाऊक आहे की यंदाचा पावसाळा चांगला होणार आहे. मृग अजून तीन आठवड्यांवर आहे आणि या घरात कुणालाच ते ठाऊक नाही. आबा अंधारात कुळवाच्या दिंडावर हात फिरवत बसले आहेत. जोखड कुणाकडं दुरुस्तीला टाकलं होतं ते आठवतायत. सांगावंसं वाटतं. पण तुमच्या सांगण्यानं त्यांना काय मिळणार? मुंग्यांवरून ओळखणारा माणूस तुमच्या शब्दावर कशाला विसंबेल?

सकाळी सगळा गाव बांधावर आहे. कामावरचे आहेतच, शिवाय म्हाताऱ्या, पोरं, शेरडं. खड्ड्यांत पाणी साचलं आहे. गढूळ, चहाच्या रंगाचं, मांडीइतकं. बांध घातल्यापासून पहिल्यांदा त्याच्या पोटात पाणी बघायला मिळतं आहे. बोलणी आपोआप हळू झाली आहेत. पाण्याच्या मधोमध घोंगडं पांघरलेला खुंट उभा आहे. बुडाशी थोडी माती सुटली, माथ्यावरचं वाळकं गवत मात्र जसंच्या तसं.

ओव्हरसियर सायकल ढकलत चिखलातून येतो, पाणी बघून थबकतो. फीत तळाला लागणार कशी? आक्का लुगड्याचा काचा मारते, कुणाला न विचारता पाण्यात उतरते. पायानं तळ चाचपते, गाळ बाजूला सारते आणि फितीचं टोक टाचेखाली दाबून धरते. वर आबा घोंगडं बाजूला करतात. आकडा मोठ्यानं वाचला जातो, मस्टरवर चढतो. टोळीतली पोरं एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात.

आज खणायचं काम होणार नाही. तरी कुणी घरी जात नाही. आबा पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवतात, पाणी जिथं जमिनीला टेकतं नेमकं तिथं, आणि त्याच्याशेजारी बसतात. तुम्हीही बसा. ऊन चढतं. शेरडं पाणी पिऊन जातात. दुपार कलताना दगड कोरड्यात आला आहे. तो आणि पाणी यांच्यामध्ये ओल्या मातीची पट्टी दिसते. एवढं पाणी उन्हानं प्यायलेलं नाही, हे आबांना बघताक्षणी कळतं. ते पट्टीवर हात ठेवतात, बोटं मोजतात, आणि खालच्या अंगाला असलेल्या आपल्या कोरड्या विहिरीकडं बघतात.

“मुरतंय,” ते म्हणतात, आणि दगड उचलून पाण्याच्या नव्या कडेला ठेवतात.