साठीनंतरचं नैराश्य: गावात तपासणी कशी होते?

आजोबा पारावर जाईनासे झाले, जेवण अर्ध्यावर टाकू लागले, पहाटे तीनलाच उठून बसू लागले, की घरचे म्हणतात, "वयच झालंय की आता." पण दोन आठवडे हे असंच चाललं, तर ते नुसतं म्हातारपण नसून नैराश्य असू शकतं. म्हातारी माणसं 'मन उदास आहे' असं सहसा बोलत नाहीत. अंग दुखतंय, झोप नाही, अशीच तक्रार येते. 2017-18 च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे 8 टक्के लोकांत नैराश्य असावं असं दिसलं. निदान झाल्याचं सांगणारे 1 टक्काही नव्हते.

तपासणीला रक्त लागत नाही. आशाताई तिशीपुढच्यांचा 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्यात दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती वेळा झालं? मन खिन्न, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 3 च्या वर गेली की उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. वृद्धांसाठी 15 प्रश्नांची 'जीडीएस' प्रश्नावलीही आहे. उत्तरं फक्त हो-नाही, त्यामुळे शाळा न शिकलेल्या आजींनाही तोंडी विचारता येते.

खरी अडचण वेगळीच. सुनेसमोर, मुलासमोर विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बरं हाय की." म्हणून प्रश्न एकट्यातच विचारावेत. आणि गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉईड, बी-12 ची कमतरता, काही गोळ्या, विसरभोळेपणाचा आजार यांतही अशीच लक्षणं दिसतात. ते डॉक्टरच ठरवतील.

वेळेत कळलं तर फरक पडतो. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या 181 ज्येष्ठांवरच्या अभ्यासात (2019) सौम्य लक्षणं असलेल्या निम्म्या लोकांना प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्यांनी अडचणी सोडवायला, झोप सुधारायला मदत केली. वर्षभरात त्यांच्यातल्या 4 जणांना नैराश्य आलं, उरलेल्या गटात 13 जणांना.

"आता जगून काय करायचं" हे वाक्य मात्र थट्टेवारी नेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, आणि गोठ्यातली, माळ्यावरची कीटकनाशकं कुलपात ठेवावीत. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शाहूवाडी, चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यांतून लगेच जाणं जमत नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोलता येतं.